बिजलीबाईचा पहिला नंबर

घनश्यामशेठ नागपूरला गेले होते ते आपल्या कापसाच्या जिनिंगसाठी एखादं जुनं इंजिन पाहायला. लिलावात इंजिन मिळालं, स्वस्तातही मिळालं. फक्त त्याच्याभोवती विमान होतं.

दिग्रसला परत आल्यावर ही हकीकत त्यांनी पुंडलिकराव मास्तरांना सांगितली, तेव्हा मास्तरांनी जो पहिला प्रश्न केला तो भूगोलाच्या कोणत्याही शिक्षकानं केला असता.

"पण शेठजी, ते उतरवाल कुठं?"

एवढा एक प्रश्न पोटात ठेवला असता तर मास्तरांची पुढची दोन वर्षं सुखात गेली असती. पण ज्याला अडचण दिसली त्याच्याच गळ्यात ती बांधायची, ही घनश्यामशेठची धंद्यातली जुनी रीत होती. "नकाशे तुमाले समजतात का मले? तुमीच जागा पाहा," असं म्हणून त्यांनी चहा मागवला, आणि चहा संपायच्या आत पुंडलिकराव इंगोले, भूगोल आणि गणित, इयत्ता पाचवी ते आठवी, हे 'दिग्रस हवाई सहल मंडळी'चे बिनपगारी चिटणीस झाले होते. ही गोष्ट एकोणीसशे एकोणसाठ सालची, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली.

सहलींची कल्पना शेठजींची नव्हती, कप्तानाची होती. जुन्या घराबरोबर जसा जुना भाडेकरू येतो, तसा हा कप्तान विमानाबरोबर आला होता. लढाईत त्यानं विमानं चालवली होती, आणि लढाई संपल्यापासून तो कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखा दिसे. इंजिन काढून जिनिंगला जोडायची गोष्ट निघाली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "जोडा. पण मग सरकी तुमच्या आवारात नाही, यवतमाळात वेचावी लागेल." त्यापेक्षा लोकांना विमानात बसवावं, आभाळात फिरवून आणावं आणि भाडं घ्यावं, असं त्याचं म्हणणं. विमान कापडी अंगाचं, एका पंख्याचं, कप्तान धरून चार माणसांचं होतं. चार माणसं म्हणजे कप्तान आणि तीन गिऱ्हाइकं.

मास्तरांचे शेजारी विठ्ठलराव हे सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी ते मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसत आणि सल्ला देत. सल्ला मागितलेला नसला तरी त्यांची हरकत नसे.

"माणूस लग्नाले जाते, मातीले जाते, कोर्टात तारखेले जाते," विठ्ठलराव म्हणाले. "पण जिथून निघाला तिथंच परत उतरायचं, त्याचं भाडं कोण देईल हो, पुंडलिकराव?"

"त्याला सहल म्हणतात."

"आमी त्याले चक्कर मारणं म्हणतो. फुकट मारतो."

आतून विमलताईंचा आवाज आला. "लग्नाले सव्वीस वर्सं झाली. मले जमिनीवरून यवतमाळच्या पुढं नेलं नाही कधी, अन् आता दुनियेले आभायातून हिंडवून राह्यले."

घरात मास्तरांचं मत विचारलं जाई ते फक्त पंचांगातल्या ग्रहणाबद्दल.

जागा शोधायची म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. आपल्याकडची काळी जमीन कापसाला आईसारखी, पण चाकाला तिच्यासारखा वैरी नाही. पावसाळ्यात ती चाक गिळते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की त्या भेगेत वासराचा पाय जावा. विमानाला हवी पक्की, सपाट, लांबलचक पट्टी. मास्तर सायकलवरून पंधरा दिवस हिंडले, दोनदा पंक्चर झाले, एकदा त्यांना कुत्रं चावलं, आणि शेवटी गावाबाहेरच्या बंजाऱ्यांच्या तांड्याजवळ त्यांना हवी तशी बरड मिळाली. मुरमाड, उघडी, तीन पिढ्यांत जिनं कुणाला पायलीभर ज्वारी दिली नव्हती अशी. ती होती देवसिंग राठोडची.

देवसिंग हा उंच, कमी बोलणारा माणूस. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडत. त्या व्यापाराला ते लदेणी म्हणत. रेल्वे आली, बैल बसले, आणि तांडा शेतीला लागला. देवसिंगनं मास्तरांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि बरड वापरायला दिली. भाडं घेत नाही म्हणाला.

"फकत एक गोष्ट, मास्तर. माह्या याडीले एकदा वरून नागपूरची वाट दाखवा."

याडी म्हणजे आई. बिजलीबाई तिथंच बाजेवर बसली होती, ऐंशीच्या घरातली, हातापायांनी चिंचेच्या काटकीसारखी. ती म्हणाली, "माह्या बापाची शेवटची लदेणी दिग्रसहून नागपूरले गेली, तवा मी धा वर्साची होती. दारव्हा, बोरी, यवतमाळचा घाट, राळेगाव, वर्धा नदी. मले गोणीवर बांधून बसवलं होतं. मास्तर, मी सारी वाट झोपून काढली! बाप म्हणे, परतीच्या टायमाले पाह्यजो. परतीले आम्ही रेल्वेनं आलो. बैल तिथंच इकले."

एक डोळा तिचा कुठल्याशा शिबिरातल्या ऑपरेशनात गेला होता. दुसऱ्यातही मोतीबिंदू उतरायला लागला होता आणि त्याला ती कुणाला हात लावू देत नव्हती. "हा ठेवला आहे वाटेसाठी," ती म्हणाली.

मास्तरांनी तिथल्या तिथं नवी वही उघडली आणि पहिल्या ओळीत लिहिलं: क्रमांक एक, बिजलीबाई राठोड. मग विचारलं, "अजून किती दिसतं, बिजलीबाई?"

"तुमची टोपी दिसते. टोपीखालचा मास्तर अंदाजानं समजतो."

म्हणजे घाई करायला हवी होती. मास्तरांना हे कळलं होतं, आणि पुढं जे जे झालं ते त्यांना त्यामुळेच जास्त लागलं.

अर्ज करायचा होता. विमान दिल्लीच्या अखत्यारीत, जमीन जिल्ह्याच्या आणि ना-हरकत राज्याची. मास्तरांनी सुवाच्य अक्षरात चार प्रती काढल्या आणि मुंबई राज्याच्या नावे पाठवल्या. मे महिन्यात महाराष्ट्र झाला. गावात मिरवणूक निघाली, पेढे वाटले गेले, आणि जूनमध्ये एका कचेरीतून मास्तरांचा अर्ज परत आला. वर शेरा होता, की ज्या राज्याकडे हा अर्ज केला आहे ते राज्य आता अस्तित्वात नाही, सबब नव्यानं अर्ज करावा. तीस वर्षं मास्तर मुलांना राज्यांच्या सीमा पाठ करायला लावत आले होते. सीमा अशा उलटून अंगावर येतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

दुसरा अर्ज गेला. त्यात 'विमान कोठे बांधून ठेवता' या प्रश्नापुढे विठ्ठलरावांच्या सल्ल्यानं 'खुंट्याला' असं लिहिलं गेलं. ते खरंही होतं, नागपूरहून बरडीवर आणून ठेवल्यापासून वाऱ्यानं हलू नये म्हणून ते चार खुंट्यांना बांधलेलंच असे. पण त्यावर खुलासा मागवण्यात आला आणि खुलाशात तीन महिने गेले. तेवढ्यात विमानाच्या शेपटीचं कापड शेळ्यांनी खाल्लं. बाजारातले व्यापारी येऊन अंगठा आणि बोटामध्ये ते कापड चोळून पाहात आणि सूत किती नंबरी आहे यावर वाद घालत. हे विमान आहे, उडतं, याबद्दल कुणाला काही विचारायचं नसे.

डिसेंबरात परवानगी आली.

पुढचे चार महिने मंडळीचे भरभराटीचे म्हणायला हवेत. बरडीवर मांडव पडला. वाऱ्याची दिशा दाखवायला बांबूवर विमलताईंच्या जुन्या लुगड्याची पिशवी चढली, त्याबद्दल त्यांना विचारलं गेलं नव्हतं हे त्यांनी पुढं कित्येक दिवस बोलून दाखवलं. दिग्रसवरून एक फेरी, माहूरच्या गडावरून एक मोठी फेरी, आणि जास्त भाडं देणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या शेतावरून दोन घिरट्या. सगळ्यात खप या शेवटच्या सहलीचा. लोक अर्धं वऱ्हाड पायाखाली असताना आपल्या धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे, बघत आणि खाली उतरून शेजाऱ्यावर दावा लावत. एका महिन्यात धुऱ्याचे पाच दावे झाले. वकिलांनी मास्तरांना बाजारात नमस्कार घालायला सुरुवात केली.

विमान किती वजन उचलू शकतं हे ठरलेलं असतं. त्याहून जास्त झालं तर ते जमीन सोडत नाही. हे मास्तरांनी मांडवात फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं. म्हणून प्रत्येक गिऱ्हाईक चढायच्या आधी तोललं गेलंच पाहिजे, अशी अट त्यांनीच घातली, आणि तालुक्यातला सगळ्यात नावाजलेला मापारी त्यासाठी मागून घेतला. देवीलाल मापारी घनश्यामशेठच्या जिनिंगमध्ये बत्तीस वर्षं कापूस तोलत होता. त्याचा काटा आणि त्याचा शब्द यांवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. तो बाजारातल्यासारखा सूर लावून मण-शेर पुकारे, मास्तर त्याचे पौंड करून कप्तानाला देत. कप्तान मान डोलवे. गणित एकदाही चुकलं नाही.

एवढं सगळं चालू होतं, आणि क्रमांक एक अजून जमिनीवर होता.

उद्घाटनाच्या दिवशी घनश्यामशेठचे व्याही आले, त्यांना नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी ज्या साहेबांनी परवानगीवर सही केली त्यांचे मेहुणे आले. तिसऱ्या वेळी पेट्रोलचे डबे आलेच नाहीत. चौथ्या वेळी बिजलीबाई खरोखर विमानात बसली. आरसे जडवलेला जुना फेटिया, म्हणजे घागरा, नेसून, देवसिंगच्या हाताला धरून चढली. कप्तानानं पंखा फिरवला. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि गप्प झालं. तासभर खटपट चालली. ती आत हात मांडीवर ठेवून बसली होती. शेवटी मास्तर खाली मान घालून जवळ गेले.

"बसायले बरं आहे," तिनं त्यांनाच धीर दिला. "पुढच्या टायमाले उडवजा."

फेब्रुवारीत तिला मास्तरांची टोपी दिसेनाशी झाली. मार्चमध्ये मास्तर मांडवात शिरले की ती आवाजावरून तोंड वळवू लागली. देवसिंग एका शब्दानंही बोलला नाही. त्यानं चार शब्द सुनावले असते तर मास्तरांना रात्री झोप लागली असती.

मग मे महिना आला, आणि मेबरोबर लग्नं. मास्तरांनी पाच तारखेची पहिली फेरी वहीत ठळक अक्षरात बिजलीबाईच्या नावे लिहून ठेवली. चार तारखेला घनश्यामशेठ मोटारीतून बरडीवर आले. त्यांच्या आडत्याच्या मुलाचं लग्न राळेगावला होतं. नवरदेव विमानातून जाणार, मांडवावर तीन घिरट्या घालणार, मग गावाबाहेरच्या पडीत उतरणार.

"पाच तारखेला पहिला नंबर बिजलीबाईचा आहे," मास्तर म्हणाले. शेठजींपुढं त्यांनी इतक्या मोठ्यानं बोलायची ही पहिलीच वेळ.

"अहो मास्तर, मुहूर्त थांबते का? आभाय थोडंच पयून चाल्लं!"

बाजेवरून बिजलीबाई म्हणाली, "जाऊ द्या जी. लेकराचं लगीन आहे."

पाच तारखेला सकाळी आठ वाजताच बरड तव्यासारखी तापली. उन्हाळ्यात हवा विरळ होते आणि विरळ हवा पंखाला कमी उचल देते. कप्तानानं हे सांगितलं होतं, म्हणून वजन जेमतेम बसतंय का हे मास्तरांनी दोनदा मोजून पाहिलं. नवरदेव, त्याची करवली आणि त्याचा मामा, अशी तीन माणसं. आजवर तीन गिऱ्हाइकं एकदम कधी गेली नव्हती. मामाजवळ बुंदीच्या लाडवांची लोखंडी ट्रंक होती, आणि ती खाली ठेवायला तो तयार नव्हता. देवीलालनं सगळं तोललं, पुकारलं. मास्तरांनी बेरीज केली. अगदी काठावर, पण बसत होतं.

बँड वाजला. विमान धावत सुटलं. धावत राहिलं. जिथं ते नेहमी जमीन सोडी ती चुन्याची रेघ मागं पडली. लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं लग्नाचं विमान म्हणून जरा ऐटीत चाललंय. बरड संपली. पुढं देवसिंगनं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांची गंजी रचून ठेवली होती, वर्षभराचं जळण. विमान त्या गंजीत छातीपर्यंत शिरलं आणि थांबलं.

कुणाला फार लागलं नाही. नवरदेवाचं नाक सुजलं, आणि मुंडावळ्या कपाळावरून गळ्यात आल्या. मामा ट्रंक कवटाळून बाहेर आला. पंख्याचं एक पातं तुटलं होतं. वरात कापसाच्या ट्रकमधून निघाली आणि मुहूर्त टळून साडेसहा तासांनी राळेगावला पोचली. तोपर्यंत वधूपक्षाचे लोक मान वर करून करून आखडले होते, अशी बातमी आली.

आता दोष कुणाचा? घनश्यामशेठ म्हणाले कप्तानाचा. कप्तान म्हणाला, "मला जो आकडा दिला तो मी उचलला." म्हणजे दोष आकड्याचा. आणि आकडा मास्तरांचा. दुसऱ्या दिवशी सगळ्या दिग्रसला ठाऊक होतं, की पुंडलिकराव मास्तरांना मणाचे पौंड करता येत नाहीत. ज्यांना त्यांनी बे एके बे शिकवलं होतं ते पानटपरीवरून आपसात पाढे म्हणत. विठ्ठलराव सल्ला द्यायला आले. "पुंडलिकराव, या वयात होते असं. माह्या हातूनही एकदा दारव्ह्याची थैली पुसदले गेलती."

मास्तरांनी वही काढून सगळी गणितं पुन्हा केली. पुन्हा केली. उत्तर तेच. तीन दिवस ते जेवणावरून अर्धे उठत होते.

"जेवा हो," विमलताई म्हणाल्या. आवाजात नेहमीची धार नव्हती. "तुमचं गणित चुकत नाही. नवऱ्याची बाकी सारी चूक मले माहीत आहे, हे नाही."

चौथ्या दिवशी मास्तर जिनिंगमध्ये गेले आणि न बोलता काट्यावर चढले.

"एक मण सतरा शेर!" देवीलालनं पुकारलं.

मास्तरांनी वाकून पाहिलं. "देवीलाल, काटा एक मण तेवीस दाखवतो."

"हो जी."

"मग सतरा कसे?"

"कडता काढला ना, मास्तर. मणाले दोन शेर." कडता म्हणजे कापसात धूळ असते, ओल असते, म्हणून वजनातून जी सूट कापतात ती. देवीलाल लहान मुलाला समजवावं तसं सांगत होता. "तुमच्यात तीन शेर कडता, अन् तीन शेर बारदान."

"बारदान?"

"पोत्याचं वजन माल म्हणून कधी धरते का कोणी? धोतर, कोट, टोपी, जोडे. तीन शेर."

मास्तर काट्यावरून उतरले नाहीत. "आणि करवलीचं चांदीचं?"

"बारदान."

"मामाची ट्रंक?"

"लोखंडाची होती जी. मी फकत लाडू धरले." मग देवीलालच्या चेहऱ्यावर काहीतरी फिरलं. बत्तीस वर्षांत त्याच्या मापाला कुणी असा प्रश्न केला नव्हता. "काहून मास्तर? रिवाज आहे. मी एक शेरही खोटा पुकारला नाही."

खरंच नव्हता पुकारला. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. या माणसावर ओरडावं कसं? त्यांनी फक्त विचारलं, "देवीलाल, माणसात ओल कुठून येते?"

"उन्हाळा आहे जी," देवीलाल म्हणाला. "घाम."

मास्तरांचं गणित बरोबर निघालं, पण हे ऐकायला गावात आता कुणाला सवड नव्हती. पाढ्यांचा विनोद चांगला चालला होता.

महिनाअखेर तपासनीस साहेब आले. मूळचे नागपूरचे, थकलेले, यवतमाळहून एसटीनं धूळ खात आलेले. मांडवात बसून ते दोन तांबे पाणी प्याले, मग त्यांनी वही पाहिली, काटा पाहिला, देवीलालची जबानी घेतली. कडत्याचं ऐकून बराच वेळ ते लिहायचे थांबले. मग निकाल दिला. मंडळीचा परवाना रद्द. नवं पातं बसवून विमान मृगाच्या आत नागपूरला न्यायचं, कारण एकदा बरड ओली झाली की ते इथंच राहील. त्या फेरीत गिऱ्हाईक एकही नाही. कप्तान आणि आवश्यक तो कर्मचारी, बस.

घनश्यामशेठ विमानाला गिऱ्हाईक शोधायला निघून गेले. देवसिंगनं मास्तरांना मांडवाबाहेर बोलावलं.

"मास्तर, सोडून द्या आता. याडीले उजेड अन् अंधार एवढंच समजते. तुमाले सांगू नको म्हणते. मास्तरले वाईट वाटेल म्हणते."

मास्तर काही क्षण उन्हात उभे राहिले. मग आत गेले.

"साहेब, आवश्यक कर्मचारी म्हणजे कोण कोण?"

"यंत्र जाणणारा. नाहीतर वाट जाणणारा."

"आमच्याकडे एक मार्गदर्शक आहेत."

साहेबांनी बाजेकडे पाहिलं. बिजलीबाई उन्हाकडे तोंड करून बसली होती. साहेबांनी एक फॉर्म काढला आणि मास्तरांपुढं सरकवला. मास्तरांनी सुवाच्य अक्षरात भरायला घेतलं. नाव. वय, ऐंशी.

"अनुभव?" साहेबांनी विचारलं.

"नागपूरची वाट, पिढीजात."

"पगार?"

"मी घेतो तेवढाच."

पुढचा रकाना होता 'दृष्टी'. मास्तरांचा टाक तिथं थांबला. आयुष्यात त्यांनी सरकारी कागदावर खोटं लिहिलं नव्हतं, आणि खरं लिहिलं तर सगळंच संपत होतं. शाईचा थेंब टोकाशी जमत गेला. साहेबांनी टाक हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला, आणि तो थेंब रकान्यात पडू दिला.

"डाग पडला," साहेब म्हणाले. "वाचता येत नाही. चालू द्या."

चार जूनला पहाटे हवा गार असताना विमान बाहेर काढलं. देवीलालनं बिजलीबाईला तोललं आणि काटा तीन वेळा पाहून, खालच्या आवाजात पुकारलं, "एक मण दोन शेर. फेटियासकट, जी." कप्तानाशेजारी तिला बसवलं. मास्तरांसाठी जागा असायचा प्रश्न नव्हता. त्यांनी खिडकीशी उभं राहून तिला सगळी वाट समजावली. आधी दारव्हा, मग बोरीचं गाव, मग यवतमाळचे डोंगर, कळंब, राळेगाव, आणि मोठी नदी दिसली की ती वर्धा. ती नव्या विद्यार्थिनीसारखी ऐकत होती.

विमान चुन्याच्या रेघेच्या बरंच अलीकडे उठलं. मास्तरांना तेवढं धावणंही फार लांब वाटलं. आवाज जाईपर्यंत ते उभे होते. मग विमलताईंच्या लुगड्याची पिशवी बांबूवरून काढून, घडी घालून त्यांनी वहीबरोबर खांद्यावरच्या झोळीत ठेवली आणि सायकल हातात धरून चालत घरी आले.

देवसिंग नागपूरला जाऊन आईला एसटीनं घेऊन आला. तिसऱ्या दिवशी मास्तर तांड्यावर गेले. बिजलीबाई बाजेवर होती. कानात कापसाचे बोळे होते.

"या जी, मास्तर."

"कसं होतं, बिजलीबाई?"

"थंडी लई. वरती जाणार असाल तर घोंगडं नेजा."

मास्तर वर जाणार नव्हते. पुढच्या मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते, आणि मंडळीचा मांडव तर कालच कुणीतरी जळणासाठी सोडवून नेला होता. ते म्हणाले, "हो, नेईन."

मग ती म्हणाली, "दिसली जी, वाट."

"दिसली?"

"दिसली तर! पांढरीफेक. भांग पाडल्यावानी सीधी, पार नागपूरपावतर. माहा बाप म्हणे तशीच."

मास्तरांच्या तोंडून प्रश्न निघाला तेव्हा तो तीस वर्षांच्या सवयीनं निघाला, त्यांना जीभ आवरता आली नाही. "आणि अडाण नदी कोणत्या हाताला होती?"

विचारलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. अडाण कुठल्याच हाताला नाही. ती बोरीपाशी वाटेला आडवी जाते, आणि ती वाट घाटापर्यंत पोचायच्या आत नऊ वळणं घेते. देवसिंग दारात उभा होता.

बिजलीबाईनं मान जरा वर केली, जणू फळ्यावर काही वाचतेय. ती मन लावून आठवत होती. मास्तरांना उत्तर नीट द्यायचं होतं तिला.

"उजव्या हाताले, जी."

"बरोबर," मास्तर म्हणाले.